सुट्टीच्या दिवशीचं जंगल : परिचारिकांसाठी आखलेल्या वनफेरीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

रुग्णालय पुण्यातलं, खासगी, मध्यम आकाराचं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मोघम ठेवले आहेत, काही बदलले आहेत. निर्णय कसे होत गेले तो भाग मात्र आहे तसाच मांडला आहे.

कोविडनंतर इथल्या सिस्टर टिकेनाशा झाल्या. कुणी आखातात गेल्या, कुणाला सरकारी भरतीत जागा मिळाली, कुणी काहीच ठरलेलं नसताना राजीनामा देऊन मोकळ्या झाल्या. ज्या राहिल्या त्यांना डबल ड्युटी नेहमीचीच झाली. एचआर विभागाने 'स्टाफचा ताण कमी करण्यासाठी काहीतरी' करायचं ठरवलं. एका वर्षी हास्ययोग झाला, पुढच्या वर्षी ध्यानाचं शिबिर. त्यानंतर कुणाच्या तरी वाचनात फॉरेस्ट थेरपी आली आणि एका मार्गदर्शिकेला फोन गेला.

या ताई वनस्पतिशास्त्र शिकलेल्या, बरीच वर्षं निसर्गसहली काढणाऱ्या. त्यांनी वनफेरीचं रीतसर प्रशिक्षणही घेतलं होतं. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हा ट्रेक नव्हे आणि पक्षिनिरीक्षणही नव्हे. दोन-अडीच तासांत जेमतेम एखादा किलोमीटर चालायचं. मार्गदर्शक मधूनमधून साध्या गोष्टी सुचवतो : डोळे मिटून सगळ्यात लांबचा आवाज शोधा, एकाच झाडाच्या सालीवरून हात फिरवा, एका जागी वीस मिनिटं नुसते बसा. शेवटी गोल करून ज्याला बोलावंसं वाटेल त्याने बोलायचं, आणि चहा. जपानच्या वनखात्याने १९८२ मध्ये 'शिनरिन-योकू' या नावाने ही कल्पना लोकांपुढे आणली. नागानो प्रांतातलं आकासावाचं जंगल त्यासाठी प्रसिद्ध आहे. आपल्याकडे उत्तराखंड वनविभागाने २०२१ मध्ये राणीखेतजवळ असंच एक केंद्र सुरू केलं.

ताईंनी व्यवस्थापनासमोर सादरीकरण केलं. त्यातल्या एका स्लाइडने काम फत्ते केलं. तोक्योमधल्या एका विद्यापीठ रुग्णालयातल्या १३ परिचारिकांना जंगलात नेऊन केलेला तो अभ्यास होता, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला. जंगलातून आल्यावर त्यांच्या रक्तातल्या नैसर्गिक मारक पेशींची (विषाणूबाधित आणि कर्करोगाच्या पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशींची) क्रियाशीलता वाढलेली दिसली आणि आठवडाभरानंतरही ती टिकून होती. 'परिचारिका' हा शब्द बघूनच संचालकांनी होकार दिला. त्या परिचारिका तीन दिवस आणि दोन मुक्काम जंगलात होत्या, हे त्याच स्लाइडवर खाली बारीक अक्षरात होतं. त्याकडे बैठकीत कुणीच पाहिलं नाही.

मी या प्रकरणात आले पहिल्या फेरीनंतर. ताई आणि मी एकमेकींना कामामुळे ओळखतो, आणि मेट्रन मॅडमना बाहेरचं कुणीतरी हवं होतं. पहिल्या फेरीचं वर्णन पुढे आहे ते ताईंच्या टिपणांवरून, मेट्रन मॅडमशी झालेल्या बोलण्यावरून आणि काही सिस्टरनी जे सांगितलं त्यावरून.

पहिली फेरी

जागा निवडली मुळशी तालुक्यातली एक देवराई, म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान. निवड उत्तम होती, यात वाद नाही. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांची नोंद केली, तेव्हापासून या पट्ट्याचं महत्त्व जाणकारांना ठाऊक आहे. आजूबाजूचा डोंगर उघडाबोडका आणि मधेच हा गर्द चौकोन. आत हिरडा, बेहडा, जांभूळ, अंजनी. मांडीएवढ्या जाडीची गारंबीची वेल तीन-चार झाडांवरून झोके घेत गेलेली. शेंड्याला शेकरूची घरटी. कडेलाच चपला काढायच्या, आतलं पानसुद्धा उचलायचं नाही, वाळकी काटकीही घरी न्यायची नाही, हा गावाचा नियम.

वार रविवार, महिना फेब्रुवारी. बस सकाळी सहाला रुग्णालयाच्या दारातून सुटणार. सिस्टर पंचवीसएक, त्यातल्या सहा-सात जणी रात्रपाळी करून हँडओव्हर देऊन थेट बसमध्ये बसलेल्या. बाकीच्यांचा तो साप्ताहिक ऑफ. परिपत्रकात 'ऐच्छिक' लिहिलं होतं, पण खाली 'न येणाऱ्यांनी लेखी कारण द्यावे' असंही होतं. एचआरची दोन माणसं कॅमेऱ्यासह बरोबर होती.

देवराईत पोचल्यावर सगळ्यांचं बीपी घेतलं गेलं. परततानाही घेतलं. आकडे खाली आले होते आणि एचआरच्या माणसाने ते तिथेच वाचून दाखवले. तेव्हा डायलिसिसची एक सिस्टर शेजारणीला म्हणाली, "मघाशी बसमधून उतरल्या उतरल्या पट्टा बांधला. पाच मिनिटं बसवल्याशिवाय बीपी घेऊ नये, हे आपण पहिल्या वर्षाच्या मुलींना शिकवतो." ते ताईंनी ऐकलं आणि टिपून ठेवलं, हा त्यांचा मोठेपणा.

बसण्याच्या वेळी एक गोष्ट घडली आणि पुढच्या सगळ्या चर्चेचा सांधा तीच ठरली. आयसीयूमधली एक सिस्टर, रात्रपाळी करून आलेली, जांभळीच्या मुळाशी टेकून बसली आणि दोन मिनिटांत गाढ झोपली. वीस मिनिटं संपली, बाकीच्या जणी उठून गोलात जमल्या, ही झोपलेलीच. आता हिला उठवायचं की झोपू द्यायचं? ताईंनी उठवलं. गोल अपुरा राहू नये, हे त्यांचं एक कारण. दुसरं जास्त व्यवहारी : जमिनीवर झोपलेलं माणूस, आजूबाजूला वाळका पाचोळा, आणि हा फुरशांचा मुलूख. सिस्टर दचकून उठली, क्षणभर "कुठला बेड?" असं काहीतरी बोलली. बायका हसल्या. ती गोलात येऊन बसली आणि नंतर एक शब्द बोलली नाही.

मग चहा. ताईंनी गवती चहा आणि तुळस आणली होती. शेवटचा चहा समोर उकळायचा, असा त्यांचा प्रघात. स्टोव्ह मांडला तोच देवीचे पुजारी आले. गावात सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांनी आवाज चढवला नाही. "ताई, आत चूल पेटवत नाहीत. देवीचं राहू द्या बाजूला, जरा वर बघा." बेहड्याच्या फांदीखाली आग्या माश्यांचं मोहोळ लटकत होतं, हात-दीड हात रुंद. खाली धूर गेला असता तर काय झालं असतं, हे सह्याद्रीत फिरणाऱ्याला वेगळं सांगायला नको. स्टोव्ह बाहेर बसपाशी नेला. चहा तिथे झाला, डिझेलच्या वासात.

परतीच्या वाटेवर बसमध्ये प्रतिसादाचे फॉर्म वाटले. एचआरचा माणूस रांगेत उभा राहून गोळा करत होता. सगळ्या फॉर्मांवर पाचपैकी पाच. एकीने मात्र मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं होतं : 'पुढच्या वेळी सुट्टी द्या, जंगल आम्ही शोधू.'

अडचण नेमकी कुठे होती

फोटो छान आले होते आणि गुणही पैकीच्या पैकी होते, त्यामुळे व्यवस्थापनाच्या लेखी अडचण नव्हतीच. दर महिन्याला अशीच बस न्यायची, असं ठरतही आलं होतं. ते थांबवलं मेट्रन मॅडमनी. त्या पेन्सिलीच्या ओळीचा त्यांना राग आला नाही. त्यांनी पुढच्या आठवड्याचा रोस्टर काढून पाहिला. सहलीला गेलेल्यांपैकी दोघी सोमवारी आजारी रजेवर होत्या आणि एकीने ड्युटी बदलून मागितली होती. यावरून काही सिद्ध होत नाही, हे त्याही जाणून होत्या. पण शंका यायला तेवढं पुरेसं होतं.

ताईंचं पहिलं मत असं की फेरी चुकली ती गर्दीमुळे. पंचवीस माणसांत शांतता राहत नाही, आठ-दहाच हवीत. ते बरोबरच होतं. माझं म्हणणं थोडं वेगळं होतं. या बायकांकडे नव्हती ती गोष्ट वेळ, आणि आपण विश्रांतीच्या नावाखाली तीच काढून घेतली. रविवारचा ऑफ गेला, रात्रपाळीनंतरची झोप गेली, येण्याजाण्यात पाच तास गेले, आणि त्या बदल्यात देवराईत अडीच तास मिळाले. जपानी अभ्यासातल्या परिचारिका कामातून सुटून गेल्या होत्या. अर्थात नुसत्या सुट्टीनेच त्यांना बरं वाटलं, असं म्हणणंही घाईचं होईल. त्याच संशोधकांनी पुरुषांच्या एका गटाला शहरात पर्यटनाला नेऊनही पाहिलं होतं आणि तिथे तसा फरक दिसला नव्हता. म्हणजे झाडांचा काही वाटा असावा. पण गट बारा-तेरा माणसांचे. त्यावर इमारत उभारायची तर बेताचीच.

आणखी एक गोष्ट पहिल्या बैठकीतच निघाली. झाडांतून हवेत पसरणाऱ्या तैलद्रव्यांविषयीची स्लाइड ताईंनी स्वतःहून काढून टाकली. ते प्रयोग मुख्यतः हिनोकीसारख्या सूचिपर्णी झाडांवरचे. मुळशीत सूचिपर्णी जंगल नाही. तिथला निष्कर्ष जांभूळ-हिरड्याला चिकटवून सांगणं म्हणजे ऐकणाऱ्याची फसवणूकच.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय तीच देवराई, पण लहान गट. यात वेळेचं गणित सुटत नव्हतं. वर आबांनी ताईंना जाता जाता विचारलं होतं, "दर महिन्याला येणार का एवढी माणसं?" त्या प्रश्नातली नाराजी ताईंना कळली होती. देवराई लहान असते. तिथली माती पायाखाली तुडवून घट्ट झाली की रोपं रुजत नाहीत. जी जागा न वापरल्यामुळे टिकली, तिचा वापर वाढवायचा, हे मला मुळातच पटत नव्हतं.

दुसरा पर्याय जपानसारखा मुक्कामी. दोन रात्री, पाच-सहा सिस्टर. कागदावर हा सगळ्यात चांगला. मेट्रन मॅडमनी एका वाक्यात निकाल लावला : "पाच सिस्टर तीन दिवस काढून द्या म्हणता, तेवढ्या असत्या तर तुम्हाला बोलावलंच नसतं."

तिसरा, ज्याकडे माझा सुरुवातीला कल होता : फेरी बंद करा आणि त्याच पैशात प्रत्येकीला एक जादा ऑफ द्या. पेन्सिलीने लिहिणारीने हेच मागितलं होतं. बैठकीत आम्ही दोन वॉर्ड-इन्चार्जना बोलावलं होतं, त्यांच्यातली ज्येष्ठ बाई हसली. "मॅडम, ऑफ म्हणजे आराम असं कुणी सांगितलं तुम्हाला? ऑफच्या दिवशी दोन वेळचा स्वयंपाक, साठलेले कपडे, सासूबाईंची डॉक्टरची तारीख. त्यापेक्षा ड्युटी बरी, निदान चहा आयता मिळतो." हे ऐकल्यावर माझा कल बदलला. घरी दिलेला वेळ घर खाऊन टाकणार असेल, तर तो वेळ वॉर्डाच्या आणि घराच्या मधे कुठेतरी द्यायला हवा.

चौथा पर्याय तिथूनच निघाला. जवळची टेकडी, ड्युटीच्या वेळात. पुण्याच्या टेकड्या रुग्णालयापासून रिक्षाच्या अंतरावर. ताईंना हे जड गेलं. टेकडीचा बराच भाग वनविभागाने लावलेल्या गिरिपुष्पाने भरलेला, परदेशी झाड, खाली दुसरं काही फारसं वाढत नाही. "हे जंगलच नव्हे," त्या म्हणाल्या, आणि वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते खरंच होतं. शिवाय सकाळी जॉगर, मोबाइलवर भक्तिगीतं लावून चालणारे आजोबा, हास्यक्लब, कुत्री.

या वादात आधार म्हणून एका इंग्लंडमधल्या अभ्यासाचा उपयोग झाला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला, सुमारे २०,००० लोकांच्या माहितीवरचा. आठवड्याला १२० मिनिटं किंवा जास्त वेळ निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि समाधान चांगलं असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. तो वेळ एकदम घालवला की तुकड्यातुकड्यांनी, याने फरक पडला नाही. यात शहरातल्या सार्वजनिक बागा, मोकळ्या जागाही धरल्या होत्या. लोकांनी स्वतःबद्दल सांगितलेलं, आणि बरं वाटतं म्हणून बाहेर पडतात की बाहेर पडल्यामुळे बरं वाटतं हेही त्यातून उलगडत नाही. पण वर्षातून एकदा घनदाट देवराई की पंधरवड्याला एकदा विरळ टेकडी, एवढ्या निवडीपुरता तो कामाला आला.

काय ठरलं

टेकडी ठरली. एका वेळी सहा जणी, दर पंधरवड्याला. वेळ सकाळी सात ते साडेआठ, मॉर्निंग ड्युटीचाच भाग म्हणून. हजेरी टेकडीच्या पायथ्याशी, आणि ही एक ओळ रोस्टरमध्ये छापून घ्यायला मेट्रन मॅडमना बरीच भांडणं करावी लागली. एचआरचं म्हणणं होतं की ड्युटीत धरलं तर बाकीचेही मागतील. "मागू देत," असं मॅडम म्हणाल्या म्हणे.

मग प्रश्न आला की दीड-दोन तास वॉर्ड कोण सांभाळणार. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णापाशी माणूस हवंच. मार्ग असा काढला की एका वॉर्डातून एकच सिस्टर घ्यायची आणि तेवढा वेळ सुपरवायझर व नर्सिंग ट्यूटर फ्लोअरवर उतरतील. हा निर्णय निव्वळ सोयीसाठी झाला होता. त्याचा खरा फायदा नंतर कळला : गटातल्या सहा जणी एकमेकींना फारशा ओळखत नव्हत्या, कुणाची इन्चार्ज बरोबर नव्हती, त्यामुळे बोलायला मोकळ्या झाल्या. पुढे इन्चार्ज सिस्टरना वेगळ्या गटात नेण्याचा नियमच केला.

बीपी बंद. फोटो बंद, मोबाइल सायलेंटवर, पण जवळ, कारण लहान मुलं असलेल्या आईला मोबाइल ठेवून द्यायला सांगितलं तर तिचं लक्ष त्या मोबाइलपाशीच राहतं. उपचार होईल असं काहीही माहितीपत्रकात लिहायचं नाही. अत्तर, सुगंधी तेल, गजरा लावून यायचं नाही, हा माश्यांमुळे आलेला धडा. बसायला प्रत्येकीला चटई, आणि बसण्याआधी ताई काठीने पाचोळा हलवून बघणार. चहा थर्मासमधून. आणि झोप लागली तर झोपू द्यायचं. शेवटी बोलायला बसण्याची सक्ती नाही. ही शेवटची ओळ ताईंनी स्वतः घातली.

सूचनाही आटोपशीर केल्या. पहिल्या फेरीत ताई प्रशिक्षणात ऐकलेल्या लांबलचक सूचना देत होत्या, आता वाक्यं छोटी झाली. 'इथे बसा. काही करायचं नाही. मी हाक मारीन.' बहुतेक वेळा इतकंच. एक गंमत सांगण्यासारखी आहे. सोलापूरकडची एक सिस्टर दुसऱ्याच फेरीत ताईंना म्हणाली की हिवर आणि बाभळीतला फरक तुम्ही उगाच पुस्तकातला सांगता, काटा मोडून बघितलं की कळतं. त्या दिवशी पुढची अर्धी फेरी तिनेच घेतली. सीताफळाचा पाला चुरगळून हुंगायला दिला, मेडशिंगीची वाळकी शेंग दाखवली, आणि लहानपणी शेळ्यांमागे जाताना कशाकशाला हात लावायचा नाही हे शिकवलं. ताईंनी मधे तोंड घातलं नाही. मार्गदर्शकाला हे जमणं अवघड असतं.

टेकडीवरचा प्रसंग

चार-पाच फेऱ्या सुरळीत झाल्यावर एका फेरीत, बसण्याच्या वेळी, एक तरुण सिस्टर रडायला लागली. आवाज न करता, पण थांबेचना. ताई तिच्यापासून दहा पावलांवर होत्या.

इथे तीन वाटा होत्या. दुर्लक्ष करायचं, म्हणजे तिचा खासगीपणा राहील. जवळ जाऊन विचारायचं, काय झालं. किंवा बसणं थांबवून सगळ्यांना उठवायचं. ताईंनी यातली एकही धरली नाही. त्या उठल्या, तिच्या शेजारी हातभर अंतर सोडून बसल्या, पाण्याची बाटली मधे ठेवली, आणि हळूच एवढंच म्हणाल्या, "मी इथेच आहे. उठायचं असलं तर आपण दोघी खाली जाऊ." ती उठली नाही. काही वेळाने पाणी प्यायली. गोलात बोलली नाही. उतरताना मात्र आपणहून सांगितलं की कोविडच्या दुसऱ्या लाटेत तिच्या पाळीत एक तिच्याच वयाची मुलगी गेली होती, आणि एवढ्या शांततेत बसायची तेव्हापासून ही पहिलीच वेळ.

ताई काय बोलल्या नाहीत ते महत्त्वाचं. 'मोकळं व्हा', 'सगळं सांगा', 'निसर्ग सगळं बरं करतो', यातलं काहीच नाही. त्या समुपदेशक नाहीत आणि ते त्या विसरल्या नाहीत. शांतता सगळ्यांना शांत करत नाही. कुणाकुणाला ती नको त्या ठिकाणी नेऊन सोडते. वॉर्डात मॉनिटरचे आवाज, हाका, धावपळ यांच्या आडोशाला माणूस वर्षानुवर्षं काम करू शकतं. तो आडोसा तुम्ही काढून घेता, तर पलीकडे काय असेल याची तयारी हवी.

खरा पेच नंतरचा. मेट्रन मॅडमना सांगायचं का? सांगितलं तर त्या मुलीला मदत मिळू शकेल. पण तिची बदली होईल, 'ती जरा हळवी आहे' हा शिक्का बसेल, आणि बातमी फुटली तर बाकीच्या जणी पुढच्या वेळी दगडासारख्या बसतील. ताईंनी मला फोन केला. आमचं ठरलं की आधी तिलाच विचारायचं. तिने 'कुणाला सांगू नका' म्हटलं. मॅडमना नाव न घेता एवढंच कळवलं की असा प्रसंग होऊ शकतो आणि त्यासाठी सोय हवी. मॅडमनी नाव विचारलं नाही. मला वाटतं त्यांना अंदाज होता.

त्यानंतर प्रत्येकीला फेरीआधी एक कार्ड द्यायला सुरुवात झाली. त्यावर रुग्णालयाबाहेरच्या एका समुपदेशकाची वेळ, खर्च रुग्णालयाचा, पण बिलात नाव नाही, फक्त क्रमांक. खाली केंद्र सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक. आणि सुरुवातीलाच ताई सांगू लागल्या, की बसवत नसेल तर उठून फिरा, कुणी विचारणार नाही. ती मुलगी पुढे कार्डवरच्या समुपदेशकाकडे गेली की नाही, हे मला माहीत नाही, आणि माहीत असायचं कारणही नाही.

काही महिन्यांनी व्यवस्थापनाने फेरीला आलेल्यांची यादी आणि 'मानसिक स्थितीबाबत मार्गदर्शिकेचे निरीक्षण' असा तक्ता मागितला. ताईंनी हजेरीची यादी दिली, निरीक्षणाचा रकाना कोरा ठेवला. दोन स्मरणपत्रं आली. मग तो विषय मागे पडला.

निष्पत्ती

आकड्यांत सांगण्यासारखं काही नाही आणि ओढूनताणून सांगणार नाही. राजीनामे त्या वर्षी कमी झाले, पण त्याच सुमाराला पगारवाढही झाली होती. श्रेय कुणाला द्यायचं?

जे दिसलं ते असं. फेरीला यायचं की नाही हे खरोखर ऐच्छिक केल्यावर पहिल्यांदा अर्ध्याच जणी आल्या. पुढे यादीत आपणहून नावं घालणाऱ्या वाढल्या. दोघी-तिघी फेरीशिवायही टेकडीवर जाऊ लागल्या, एकीने नवऱ्याला नेलं. काहींनी एकदा येऊन 'मला कंटाळा आला' असं सरळ सांगितलं, आणि तसं सांगता आलं हेही मी जमेच्या बाजूला धरते; पाचपैकी पाच गुणांपेक्षा ते खरं आहे. पावसाळ्यात, डेंगीने वॉर्ड भरले तेव्हा, फेऱ्या दोन महिने बंद पडल्या. ताणाचा सगळ्यात मोठा हंगाम हाच, आणि नेमका तेव्हाच हा उपाय परवडत नाही. सप्टेंबरात मॅडमनी एक तोडगा काढला : रुग्णालयाच्याच आवारातल्या जुन्या पर्जन्यवृक्षाखाली दोन बाकं, आणि पाळीत एकदा पंधरा मिनिटं तिथे बसायची मुभा. खिडकीतून दिसणाऱ्या झाडांचा परिणाम रुग्णांवर मोजणारा रॉजर उलरिक यांचा १९८४ चा अमेरिकेतला अभ्यास रुग्णालयांच्या आराखड्यात आता नेहमी सांगितला जातो. सिस्टरच्या खुर्चीवरून काय दिसतं, हे मात्र आराखडा काढणारे क्वचितच विचारतात. बाकं चालली. वटवाघळांच्या विष्ठेची तक्रार आहे, ती रास्तच आहे.

रात्रपाळीचा प्रश्न सुटलेला नाही. ज्यांना विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज, त्यांच्या वेळात टेकडी बसत नाही, आणि पाळी संपल्यावर त्यांना कुठेही न्यायचं नाही हा तर पहिल्या फेरीतून आलेला नियमच आहे.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, फेरी आखण्यापूर्वी रोस्टर मागायला हवा होता. जंगलाची पाहणी दोनदा झाली होती, रोस्टरची एकदाही नाही. कोण कधी झोपतं, कुणाचा ऑफ कधी, हे तासाभरात कळलं असतं आणि फेब्रुवारीची ती बस निघालीच नसती. दोन वॉर्ड-इन्चार्जना जे दुसऱ्या खेपेला विचारलं, ते पहिल्या खेपेला विचारता आलं असतं.

मोजमापाबद्दल ताई आणि मी अजून वाद घालतो. माझं मत आहे की मोजायचंच असेल तर तुलनेला दुसरा गट हवा : तेवढाच वेळ, ड्युटीतच, पण विश्रांतिकक्षात नुसतं बसलेला. मग कळेल की टेकडीचं किती आणि सुटकेचं किती. मॅडमना ही कल्पना सांगितली तर त्या म्हणाल्या, विश्रांतिकक्षाच्या गटासाठी अख्खं रुग्णालय नाव देईल. बहुधा तेच उत्तर असावं.

समुपदेशकाची सोय पहिल्या दिवसापासून हवी होती. ती प्रसंग घडल्यावर झाली, आणि तो प्रसंग सौम्य होता म्हणून निभावलं.

आणि देवराई. पहिल्या फेरीत ग्रामपंचायतीचं पत्र घेतलं होतं, देवीच्या पेटीत पैसेही टाकले होते. पण आबांना किंवा गावातल्या कुणालाही 'किती जण यावेत, कुठे बसावं, काय करू नये' हे विचारलं नव्हतं. वाट दाखवायला गावातला एक मुलगा दिवसभर बरोबर होता, झाडांची नावं त्याला तोंडपाठ. त्याला जेवण मिळालं, मजुरी नाही. यंदा काही सिस्टरनी स्वतःच विचारलं की वर्षातून एकदा देवराई पुन्हा जमेल का, आम्ही रजा टाकून येऊ. ताई एकट्या जाऊन आबांना भेटल्या. अटी ठरल्या : आठांच्या वर माणूस नाही, मोहोळ असेल त्या महिन्यांत नाही, आत काही पेटवायचं नाही, आणि तो मुलगा सोबत असणार, मार्गदर्शकाच्या मदतनिसाइतक्याच मानधनावर. रुग्णालयाने तत्त्वतः मान्यता दिली आहे. लेखा विभागाला मात्र त्या मुलाकडून जीएसटी क्रमांकासह बिल हवं आहे, आणि सध्या गाडी तिथेच अडली आहे.